झिजलेले टाक
कोर्टानं नेमलेल्या व्हॅल्युअरनं देवघरातला चांदीचा टाक भिंगाखाली धरला, तसं गोदावरीच्या तोंडचं पाणी पळालं. वाटणीच्या दाव्यात दिरानं लिहून दिलं होतं: ‘टाक तीनशे वर्षांपूर्वीचे, दुर्मिळ.’ पण देवांचे चेहरे पार झिजले म्हणून दोन वर्षांपूर्वीच तिनं महाडच्या सोनाराकडून नवे घडवून घेतले आणि जुने रीतीप्रमाणे सावित्री नदीच्या डोहात सोडले होते. “हे तर हल्लीचं काम आहे,” व्हॅल्युअर म्हणाला. “वहिनी, जुने कुणाला विकलेत? पोलिसांत देईन!” दीर कडाडला. “झिजले होते, भावोजी. नदीत सोडले,” ती कशीबशी म्हणाली. “कुणाला पटेल हे?” दिरानं विचारलं. वाती वळणाऱ्या सासूनं मान वर केली. “खोटं नाय बोलत ती. तिनं सोडले ते तरी कुठं तीनशे वर्षांचे? तुझ्या बारशाला मीच घडवलेले. त्याआधीचे मी सोडले, त्याच डोहात.”