दोरीच्या मागे

कोर्टाने पाहणीसाठी नेमलेले साहेब मोटार-शर्यतीच्या वळणावर उभे राहिले आणि म्हणाले, अपघाताच्या दिवशी होती तशीच दोरी बांधा. शर्यतवाल्यांच्या माणसांनी भुसभुशीत मातीत लोखंडी गज रोवले आणि त्यांना दोरी बांधली. दोरी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एका माणसाला आडवं झोपता येईल एवढी मोकळी जागा राहिली.

प्रश्न एवढाच होता. त्या दिवशी गाडी रस्त्याच्या कडेला घसरली, तेव्हा शर्यत बघायला आलेला शिंपी दोरीच्या मागे होता की पुढे? मागे असेल तर भरपाई शर्यतवाल्यांनी द्यायची. पुढे असेल तर त्याचं त्याने निस्तरायचं. त्याचा उजवा पाय गेला होता आणि घर पायमशीनवर चालत होतं.

शिंपी चाकाच्या खुर्चीत बसून होता. आपण दोरी ओलांडली नाही, हे एकच वाक्य तो पहिल्यापासून सांगत आला होता. मग कडेला घसरलेली गाडी तुमच्यापर्यंत पोचली कशी, असं शर्यतवाल्यांच्या वकिलाने विचारलं की तो तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. खुर्ची मागून त्याच्या बायकोने धरली होती. नवरा खोटं बोलतोय का, हे तिला साहेबांपेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं.

तरी ती साहेबांना म्हणाली, "पंखा पुसायला स्टुलावर चढ म्हटलं तर याला चक्कर येते. हा कसली दोरी ओलांडतोय!"

"शर्यतीत भल्याभल्यांचं भान सुटतं, ताई," वकील म्हणाला. "दोरी आम्ही बांधली होती. मागे राहायचं काम ज्याचं त्याचं."

वळण कसं घेतात ते पाहू म्हणून साहेबांनी एक गाडी बेताच्या वेगाने फिरवायला सांगितली.

वळणाच्या अलीकडे झुडपं होती, त्यामुळे येणारी गाडी दिसत नव्हती. नुसता आवाज आला. साहेबांनी दोरीमागून मान लांब केली. वकील दोरीला टेकला. आवाज लांब गेला, दबला, पुन्हा जवळ आला. आता दिसेल, आता दिसेल असं म्हणत सगळेच थोडे पुढे झुकले. बायकोनेही खुर्ची सोडली आणि येऊन दोरी धरली. आपण मोटारींचा राग राग करतो, हे त्या क्षणी तिच्या लक्षात राहिलं नाही. आवाज वाढला तशी सगळ्यांची पावलं आपोआप सरकली.

गाडी समोरून गेली. वाऱ्याने साहेबांचे कपडे फडफडले. वकिलाच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

मग साहेबांना पायाखाली टणक लागलं. त्यांनी खाली पाहिलं. बूट डांबरावर होते. दोरी पोटाला तटतटून लागली होती आणि उपटलेले गज तिला लोंबत होते. शेजारी वकील उभा होता. दोरी त्याच्या दोन्ही मुठींत होती.

दोरी कोणीच ओलांडली नव्हती.

मागून, मोकळ्या मातीतून, शिंप्याचा आवाज आला.

"अगं, कोणती गाडी होती? मला नुसत्या तुमच्या पाठी दिसल्या."