पोटातला हातोडा

प्रयोगशाळेला गाईचं रक्त पुन्हा पाठवलं, उत्तर पुन्हा तेच आलं: शिसं मर्यादेतच. मग गाय आंधळ्यासारखी भिंतीला का धडकते, दिवसभर करकरा दात का खाते? माझं डोकंच फिरलं.

“डॉक्टर, चुलीत घाला तो कागद. पोट ऐका तिचं,” गोठ्याची मालकीण म्हणाली.

मी स्टेथोस्कोप लावला. आत कुरणापलीकडच्या शिशाच्या कारखान्यातला हातोडा पडत होता. धाड. धाड. कारखाना तर आठवडाभर बंद होता.

“गॅस झाला असेल,” मी चिडून म्हणालो.

तिने माझ्या कानातल्या नळ्या काढून स्वतःच्या कानात घातल्या, चकती माझ्या पोटावर टेकवली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

“डॉक्टर, दूध तुम्ही आमच्याकडूनच नेता ना?”