अप्पांचे मोजे

सकाळचा रियाज आटोपून चारुताने हातमोजे काढून डबीत ठेवले. अप्पा, म्हणजे तिचे वडील, जाऊन वर्ष झालं. पण तबल्यावर जन्मभर घोटलेला त्यांचा हात या मोज्यांतल्या यंत्रात जसाच्या तसा उतरवून घेतलेला होता. मोजे घातले की अप्पांची बोटं तिच्या बोटांना चालवत. आधी संथ लयीत, मग जिथे अडखळेल तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा. लहानपणी मार खाऊनही जे बसलं नव्हतं, ते आता मोज्यांशिवायही सफाईने वाजू लागलं होतं.

"ये रेवा, आता तू बस," तिने लेकीला हाक मारली.

रेवा वाजवू लागली. चारुता ताल धरून ऐकत होती. लहानपणी तिची चूक झाली की अप्पा तबला लावायची हातोडी उचलायचे आणि दांडा बोटांवर हाणायचे. आपण कुणाला असं शिकवायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

रेवाचं बोट चुकलं.

"असू दे गं," चारुता हसून म्हणाली. "सावकाश घे परत."

ती हे बोलत असतानाच तिचा उघडा उजवा हात मांडीवरून उठला आणि सतरंजीवर काहीतरी चाचपडू लागला. तिने डाव्या हाताने मनगट आवळून धरलं. हात थांबेना.

रेवाने बोटं मिटून पाठीमागे नेली.

"कालपण तो असाच शोधत होता," ती हळूच म्हणाली. "म्हणून हातोडी मी लपवून ठेवलीय, आई."