अळणी प्रसाद

बयाबाईने आमटीत पळी फिरवली, जराशी थांबली आणि मागे वळून हळूच विचारलं, "ताई, म्या मीठ टाकलं का वो?"

चंद्राबाई दाराशी पाण्याची भांडी घासत बसली होती. तिचं मौन होतं. दर गुरुवारी उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत ती बोलत नसे. अकरा वर्षांत हे मौन एकदाही मोडलं नव्हतं.

मीठ पडलेलं नव्हतं. चिंच पडली, गूळ पडला, मसाला पडला, मिठाचं गाडगं मात्र झाकलेलंच राहिलं. चंद्राबाईने ते पाहिलं होतं. तीन गुरुवार झाले, बयाबाईच्या हातांवरून तिची नजर हलतच नव्हती. ओली लाकडंसुद्धा त्या हातांना एका फुंकरीत पेटत. पुरण ढवळताना ओठांवर नाम चाललेलं असे, आणि ते कुणाला ऐकू जावं असंही बाईला वाटत नसे. हे शेवटचं चंद्राबाईला सगळ्यात जास्त लागे.

नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून बयाबाई विचारत होती.

भोरातल्या या उपासना मंडळात महिन्यापूर्वी कामांची वाटणी झाली. संस्थानच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केलेल्या आबांनी कागद उलगडून वाचला. शास्त्रातले चार वर्ण आपण पाळायचे, पण जन्मावरून नाही, गुणावरून. पोथी, राखण, कोठी, सेवा. नैवेद्याची चूल पोथीबरोबर, पहिल्या वर्णात. ती बयाबाईला मिळाली. वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरून तुपाची बरणी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बयाबाईला. इतकी वर्षं ती चूल सांभाळलेली चंद्राबाई सेवेत गेली. झाडलोट आणि भांडी.

"चंद्राबाईंचं व्रत मोठं आहे," आबा म्हणाले होते, "पण चुलीपाशी कुणी आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. बयाबाईंच्या पडत नाही."

कोठीवाले रखमाजी मोठ्यांदा हसले होते. "चंद्राबाई, आता तुमी चौथ्या वर्नाच्या! आमच्या घागरीला शिवायचं न्हाई हां!"

सगळे हसले. चंद्राबाईही हसली होती.

"ताई?" बयाबाईने पुन्हा विचारलं. "टाकलं नव्हं?"

चंद्राबाईने मान डोलावली. होय.

"बरं झालं बाई. माजं मेलीचं ध्यानच न्हवतं." बयाबाईने पदराने पातेलं धरलं आणि चुलीवरून उतरवलं.

चंद्राबाई भांडं घासत राहिली. तोंडातून शब्द गेला नव्हता.

नैवेद्य झाला, आरती झाली, पंगत बसली. नैवेद्याच्या ताटात मीठ वाढत नाहीत, म्हणून मंडळाच्या पंगतीतही पानात मीठ नसे. चंद्राबाई तांब्या घेऊन पाणी वाढत होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

रखमाजींनी भुरका मारला. थांबले. शेजारच्या सोनबाकडे पाहिलं. सोनबाने खाली पाहिलं. मग दोघांनीही भात कालवला आणि जेवू लागले. पंगतीच्या टोकापर्यंत तसंच झालं. प्रसादाला नाव कोण ठेवणार? आबांनी तर द्रोण पुढे केला. "आणखी वाढा."

चंद्राबाईने तांब्या खाली ठेवला. एका श्रावणात तिचा भात थोडा कच्चा राहिला होता, तर रखमाजींनी दिवाळीपर्यंत चेष्टा केली होती. आणि हिचं अळणीसुद्धा गोड? हिचं हेही गिळणार हे लोक?

"आमटीत मीठच नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

बयाबाई आतून आली. तिने रिकाम्या पळीला बोट लावून जिभेवर ठेवलं. मग चंद्राबाईकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी ओळखीची वाट कुठे चुकली ते शोधावं, तसं.

चंद्राबाई वाट बघत राहिली. आता ही सांगेल. आता सगळे माझ्याकडे वळतील.

"माजीच चूक, आबा," बयाबाई म्हणाली. "म्या कुनाला तरी इचारायला पायजे हुतं."

तिने पळी खाली ठेवली.

"चूल ताईंकडंच ऱ्हाऊ द्या. मला झाडलोट जमंल. वस्तीवर शेरडांचा वाडा म्याच झाडती."

आबांनी पानाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "जशी तुमची इच्छा."

"घ्या चंद्राबाई!" रखमाजी म्हणाले. "आलासा की पुन्यांदा पहिल्या वर्नात!"

कुणी हसलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा चंद्राबाई चूल सारवायला आत गेली. बयाबाई मागच्या अंगणात बसून पातेलं घासत होती. पातेलं झालं, झाकणी झाली, पळी झाली. पुन्हा राख घेतली, पुन्हा पातेल्यापासून सुरुवात केली. भांडी तीनदा घासायची असा नियम मंडळात नव्हता. चंद्राबाईनेही तिला कधी सांगितला नव्हता.

शेवटी भांडी उचलून तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पालथी मांडली. पदर आवरून दोन पावलं मागे सरकली.

"घ्या ताई," ती म्हणाली. "समदं तीनदा राखेनं घासलंय. आता माजा हात ऱ्हायला न्हाई त्याला."