चौथ्या खाटेची वही

“संगीत हे गर्भाचं पहिलं अन्न आहे,” असं डॉ. दिवाकरांनी इंदुरातल्या एका जनाना इस्पितळात जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. मग ते अन्न वाढायला माणूस शोधला, तेव्हा मिळाले जयसिंगराव. संस्थानच्या बँडमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं होतं आणि त्यांना तीनच गोष्टी येत होत्या: सलामी, वरात आणि अंत्ययात्रा. डॉक्टरांनी बराच विचार करून तिसरी वगळली. उरलेल्या दोन हळू वाजवायला सांगितल्या.

संस्थान जाऊन दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून जयसिंगरावांना वाजवा असं कोणी म्हटलं नव्हतं. ते रोज दुपारी चारला, जुन्या कोटाची सगळी बटणं लावून, अवघड बाळंतपणाच्या वॉर्डात हजर होऊ लागले.

चार खाटा, चारींच्या पायथ्याखाली विटा. बायकांनी हलायचं नाही. हलायचं ते फक्त पोटातल्यांनी. डॉक्टरांनी एक वही दिली होती. वाजवून झालं की प्रत्येकीला विचारायचं आणि तिच्या पानावर ‘हललं’ किंवा ‘नाही’ लिहायचं.

तीन आठवड्यांत तीन पानं ‘नाही’वर संपली. पहिलीला भाऊ घेऊन गेला. दुसरी एकटीच चालत गेली. तिसरीला चादरीत गुंडाळून नेलं.

राहिली भानुमती. आठवा महिना, आधीची चार गेलेली. सासू द्वारकाबाई रोज येऊन दारातूनच “हलतंय ना?” विचारायच्या आणि परत जायच्या. हेही गेलं तर मुलासाठी मानपुरची मुलगी बघून ठेवली आहे, हे त्यांनी सुनेपासून लपवलं नव्हतं. दुसरी बायको करता येत नाही असा कायदा दिल्लीत झाला होता. तो मानपुरच्या मोटारीत अजून बसायचा होता.

भानुमतीने पहिल्याच दिवशी सांगितलं, वरातीचं नको, सलामीच वाजवा. जयसिंगरावांना वाटलं, मुलगी फौजी घरातली असावी. ते डोळे मिटून सलामी वाजवायचे. संपली की ती म्हणायची, हललं, काका. ते लिहायचे. मग ती तिथी विचारायची. नववा लागायचे दिवस मोजतेय बिचारी, असं समजून ते तिथी सांगायचे.

अहवाल भोपाळला जायचा होता, त्यामुळे डॉक्टर हल्ली पोट सोडून वहीच तपासत. “क्या बात है, जयसिंगरावजी,” ते म्हणाले, “आपली सगळी भिस्त आता चौथ्या खाटेवर.” सिस्टर खाली सही करायच्या. जयसिंगराव ताठ मानेने घरी जायचे.

त्या गुरुवारी मधेच सूर चिरकला आणि त्यांचे डोळे उघडले. भानुमती छताकडे बघत होती. ओठ सुकलेले, कपाळावर घाम. पोटावरची चादर जिथल्या तिथे. त्यांनी तसंच वाजवून संपवलं.

“हललं, काका,” ती म्हणाली.

त्यांनी पेन उघडलं, पण लिहिलं नाही. “बेटा, मला तर दिसलं नाही.”

तेवढ्यात दारात द्वारकाबाई आल्या. त्यांनी विचारलं. हलतंय, असं भानुमतीने मोठ्याने सांगितलं. द्वारकाबाई गेल्या. त्यांच्या चपला जिना उतरेपर्यंत ती कान देऊन राहिली.

“शुक्रवारपासून नाही हललं,” ती म्हणाली.

जयसिंगराव डॉक्टरांना बोलवायला उठले. तिने त्यांच्या कोटाची बाही धरली. हाताचा चटका कापडातून लागत होता.

“बसा, काका. बाळ गेलं ते मला कळतंय. पण रविवारी शेवटचा मुहूर्त आहे. सोमवारी एकादशी. देव झोपले की चार महिने लग्नं बंद. तोवर मी पोटुशी राहिले, तर ती मानपुरची दिवाळीपर्यंत तरी घरात येत नाही.”

“आणि तुलाच काही झालं तर?”

“मग सवत बघायला मी कुठे असणार आहे?”

तिने वही त्यांच्याकडे सरकवली.

“चारच दिवस लिहा. आणि हात कापू देऊ नका, काका, अक्षर बदलेल.”