पिस्तुलाचा घोडा

पूर्वेच्या खिडकीतून उतरलेले सकाळचे कोवळे ऊन कानशींवरून, तेलाच्या बाटल्यांवरून रेंगाळत आले आणि शेवटी मेजावरच्या पुरातन पिस्तुलावर थबकले. दीर्घ आजारानंतर प्रथमच दुकानात आलेल्या थोरल्या भावाने डोळ्याला भिंग लावले.

“दादा, हे मला एकट्याला दुरुस्त करू दे ना,” धाकटा म्हणाला.

“माकडाच्या हाती कोलीत द्यायला मला वेड नाही लागलेलं!” थोरला मान वर न करताच खेकसला. “चाप गेलाय, आतली कमान गेलीय. घोडा तेवढा अस्सल उरलाय. काय वळण आहे, बघ! याला म्हणतात जुन्या कारागिराचा हात. तू सात जन्म कानस घासलीस तरी तुला हे जमायचं नाही.”

धाकट्याने घोड्यावर बोट ठेवले. “पिस्तूल आलं तेव्हा त्याला घोडाही नव्हता, दादा. तू अंथरुणावर होतास, तेव्हा मीच तो घडवून बसवलाय.”

थोरल्याने भिंग पुसले, घोडा पुन्हा न्याहाळला आणि नाक मुरडले.

“तरीच! म्हटलं, हा इतका ओबडधोबड कसा?”



धाकट्याचा हात थोरल्याहून केव्हाच सरस झाला होता.