टिंग

मला दिसत नाही, त्यामुळे माझा कॉम्प्युटर हेडफोनमधून बोलतो. तो भराभर मेनू वाचत होता आणि मी बाणाच्या कळीवर बोट ठेवून त्याच्यामागे पळत होते. ‘कंपायलर: निवडलेला नाही.’ इथेच तर घोडं अडलं होतं. कंपायलरशिवाय कॉम्प्युटरला माझा प्रोग्राम कळणार कसा? एक ओळ खाली गेले. ‘अंगभूत कंपायलर.’ एंटर.

“ऋजुता, जमत नसेल तर परीक्षेला लेखनिक देऊ,” शेजारून बिडकर मॅडम म्हणाल्या. “त्यात कमीपणा नाही.”

“प्रोग्राम माझा आहे मॅडम. चालवणार मीच.”

सगळे लिहितात तेच मीही लिहिलं होतं, पडद्यावर ‘नमस्कार’ उमटव. रनची कळ दाबली. कानात काहीच आलं नाही. मागे मात्र लॅबमधल्या मुलांच्या टाळ्या वाजल्या.

“चालला की गं,” मॅडम म्हणाल्या. “नमस्कार दिसतोय.”

“तुम्हाला दिसतोय.”

निकालाची खिडकी माझा कॉम्प्युटर वाचतच नव्हता. म्हणजे चालला की नाही, हे दर वेळी दुसऱ्याला विचारायचं? मी ती ओळ पुसून दुसरी लिहिली, हेडफोनची वायर उपटली आणि कळ दाबली.

टिंग.

मी सांगितलं म्हणून कॉम्प्युटरने घंटी वाजवली होती. मला हसू काही आवरेना. शेजारची खुर्ची कुरकुरत फिरली.

“मी स्क्रीनकडे पाठ केलीय,” मॅडम म्हणाल्या. “परत चालव.”